आमच्या बोटीचं पितळकाम

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभागृहात झालेल्या 'आपलेच वक्ते' या कार्यक्रमातील भाषण. वक्ते सोसायटीचे रहिवासी आणि निवृत्त टर्नर आहेत. भाषण बोलण्यात होते तसेच ठेवले आहे.)



गेले तीन दिवस मला जो तो विचारतोय, "तात्या, तुम्ही नक्की कशावर बोलणार?" मी एकतीस वर्षं जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहिलो. लोखंड कापणं सोडून मला दुसरं काही येत नाही. म्हणून ह्या टेबलावर ठेवलेल्या बोटीबद्दलच बोलतो. बोट लेकरांची आहे, लाकूडकाम त्यांचं, रंगही त्यांचाच. त्यातलं पितळकाम आम्ही सगळ्यांनी मिळून केलं. ते कसं केलं आणि विकत का नाही आणलं, एवढंच सांगायचं आहे. शेवटी एक मागणी आहे, ती अध्यक्षसाहेबांनी आधीच ओळखली असेल.

पहिला प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो. वडीगोद्रीला बोट कशाला? समुद्र इथून कुठल्या कुठे! पण जरा बघा. शहागडला गोदावरी वाहते. वर पैठणला नाथसागर आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन. त्याचा डावा कालवा आपल्याच भागातून पुढे जातो. तालुक्याची देवी मत्स्योदरी, तिचा डोंगरसुद्धा माशाच्या आकाराचा. आणि आता मोसंबीच्या बागांना शेततळी आहेत. म्हणजे पाण्याशी आपला संबंध नाही असं नाही. संबंध आहे, पण ओळख कमी आहे. ह्या ओळखीबद्दल मी पुढे बोलणारच आहे.

आता बोट. लांबी ९० सेंटिमीटर, वजन बॅटरीसकट साधारण चार किलो. अंग प्लायवूडचं, वरून फायबरचं कापड आणि रेझिन. आत एक मोटर, एक बॅटरी, रिसीव्हर आणि सुकाणू फिरवणारी छोटी सर्व्हो मोटर. हातातल्या रिमोटवरून वेग कमीजास्त होतो आणि दिशा बदलते. ही कल्पना नवी नाही बरं का! निकोला टेस्ला नावाच्या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांसमोर अशी बिनतारी बोट चालवून दाखवली होती. लोकांना ती जादूच वाटली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला तिचं पेटंटही मिळालं. तेव्हा रेडिओवर गाणी लागायची होती, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मोटर, बॅटरी, रिमोट हे सगळं कुरिअरने येतं. ते इथे बनवायचा हट्ट कुणी धरू नये. पण मोटर आणि पाणी यांच्यामध्ये जे काही असतं, ते बहुतेक धातूचं असतं आणि ते मात्र प्रत्येक बोटीचं वेगळं असतं. आपल्या बोटीचा तळ किती उतरता आहे, फळीची जाडी किती आहे, मोटर कुठे बसली आहे, हे दुकानदाराला काय माहीत? साधं उदाहरण देतो. आपल्या मोटरचा दांडा ३.१७ मिलिमीटर जाडीचा आहे. आपल्या सुताराच्या भाषेत बरोबर एक सूत. आणि पंख्याचा शाफ्ट आहे ४ मिलिमीटर. ह्या दोघांना जोडायला जे कपलिंग लागतं, त्याचं एका बाजूचं भोक सुताचं आणि दुसऱ्या बाजूचं चार मिलिमीटरचं हवं. मुलांनी शोधलं, आपल्या मापाचं, आपल्या लांबीचं काही मिळेना. मग ते माझ्याकडे आले.

पण पितळकामाला खरी सुरुवात कपलिंगमुळे झाली नाही. ती झाली एका तुटक्या भागामुळे. तो प्रसंग सांगणं गरजेचं आहे, कारण इथे आईवडील बसले आहेत.

बोट पहिल्यांदा चालवली ती आपल्याच एका सभासदाच्या भावाच्या शेततळ्यात. तळं तीस मीटर बाय तीस मीटर, आत प्लास्टिकचा कागद. सुकाणूची वरची पट्टी प्लास्टिकची, विकतची होती. बोट बरोबर मध्यावर गेली आणि ती पट्टी स्क्रूच्या भोकापाशी उभी चिरली. सुकाणू लोंबकळलं. बोट जागच्या जागी गोल गोल फिरायला लागली आणि थोड्या वेळाने बॅटरी संपून थांबली. सगळे बघत उभे. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा काही न बोलता बसला आणि चपला काढायला लागला. त्याला पोहता येतं. शहागडला मामाकडे शिकलाय. त्याच्या दृष्टीने पंधरा मीटर म्हणजे काहीच नाही.

त्याच्या काकांनी दंड धरून त्याला मागे ओढलं म्हणून बरं. शेततळ्यात जाणं अवघड नसतं, बाहेर येणं अवघड असतं. कागद ओला झाला की त्यावर शेवाळ धरतं, उतार घसरडा होतो, धरायला काही नसतं. चांगला पोहणारा माणूससुद्धा काठाला हात लावून दमतो. आपल्या मराठवाड्यात शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो आपण. त्यात लेकरं असतात, आणि त्यांना काढायला गेलेली मोठी माणसंही असतात. त्या दिवशी आम्ही थांबलो. सायंकाळी वारा सुटला आणि बोट आपोआप काठाला लागली.

दुसऱ्या दिवशी मुलांना बसवून मी दोन नियम सांगितले. एक, बोटीसाठी कुणीही पाण्यात उतरायचं नाही. बोट बुडाली तर बुडू द्यायची. दोन, आपण अशी बोट करायची की ती परत येईल, आणि नाही आली तर काठावरूनच तिला ओढून आणता येईल. पहिला नियम मोठ्यांनी पाळून घ्यायचा. दुसरा नियम आमच्या हातात होता. सगळं पितळकाम ह्या दुसऱ्या नियमासाठी आहे. एकेक भाग दाखवतो.

हे बघा कपलिंग. दहा मिलिमीटरचा पितळी गज घेतला. रस्त्यावर ट्रॅक्टरचं वर्कशॉप आहे, तिथला लेथ मालकाने दुपारच्या वेळी वापरू दिला. आता भोकं दोन मापांची, पण दोन्हीचा मध्य एकच पाहिजे. केसभर जरी सरकला तरी शाफ्ट थरथरतो, आणि थरथरणारी गोष्ट पाण्यात आधी सैल होते आणि मग तुटते. त्यासाठी युक्ती एकच. गज चकमध्ये एकदा पकडला की काम संपेपर्यंत काढायचा नाही. आधी आरपार सुताचं भोक, मग त्याच जागेवरून अर्ध्या लांबीपर्यंत ४ मिलिमीटरचं. त्यानंतरच गज कापून वेगळा करायचा. दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू आहेत. तीन मिलिमीटरचे आटे पाडायला अडीच मिलिमीटरचं भोक पाडावं लागतं, हे माप मुलांना आता झोपेतही आठवतं. आणि जिथे स्क्रूचं टोक टेकतं, तिथे शाफ्टवर कानशीने छोटी सपाटी केली. गोल दांड्यावर स्क्रू कितीही आवळा, तो घसरतोच. सपाटीवर बसला की हलत नाही.

दुसरा भाग, शाफ्टची नळी. पितळी नळीच्या दोन्ही टोकांना पितळेचेच बुश. बुशमध्ये शाफ्ट फिरतो, मध्ये ग्रीस भरलेलं. मुलं विचारायची, "आजोबा, नळीतून पाणी आत येणार नाही का?" ग्रीस बरंचसं अडवतं. आणि नळीचं आतलं टोक पाण्याच्या पातळीच्या वर ठेवलेलं आहे, म्हणून थोडं पाणी शिरलं तरी ते वर चढून बोटीत येत नाही. बुश बरोबर झाला की नाही ते कसं ओळखायचं? शाफ्ट उभा धरायचा आणि बुश वरून सोडायचा. धाडकन पडला तर सैल. अडकला तर घट्ट. सावकाश, आपल्या वजनाने उतरत आला की झाला. व्हर्निअर आमच्याकडे आहे, पण ही परीक्षा बोटांना कळते.

तिसरा भाग पंखा. ह्याला तीन पाती. पाती एक मिलिमीटर पितळी पत्र्याची. तिन्ही पत्रे एकावर एक ठेवून एकत्र पकडले आणि एकदमच कानसले, म्हणजे आकार आणि वजन सारखं. मधल्या तुंब्याला तीन तिरप्या खाचा. पात्याला पीळ द्यायचा तर पत्रा कडक असून चालत नाही. पितळ वाकवलं, ठोकलं की कडक होतं आणि पुढे चिरतं. म्हणून मंद लाल होईपर्यंत तापवायचं आणि थंड होऊ द्यायचं. मग ते पुन्हा मऊ पडतं. आपले तांबट आणि कासार पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. पुण्यात तर त्यांची तांबट आळीच आहे. हंड्याचा एवढा मोठा पोटाचा आकार पत्र्यातून निघतो तो उगाच नाही. ठोकायचं, तापवायचं, पुन्हा ठोकायचं.

पाती जोडायला साधा सोल्डर पुरत नाही, पाण्याचा जोर फार. तिथे चांदीचा डाक लागतो. तो आम्हाला गावातल्या सोनारकाकांनी दिला, टाकणखार लावून, त्यांच्या फुंकणीवर. हा डाक सहाशे अंशांच्या वर वितळतो आणि पितळ नऊशेच्या आसपास. मधली जी जागा आहे, तेवढ्यातच काम उरकायचं. सोनारकाका रंग बघूनच आच काढतात. मुलं तोंड उघडं टाकून बघत होती. रोज ज्या दुकानासमोरून शाळेत जातात, त्या दुकानात एवढी विद्या आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पंखा झाल्यावर त्याचा तोल बघायचा. दोन पात्या समोरासमोर उभ्या केल्या, त्यांच्या धारेवर दांडा ठेवला आणि पंखा सोडला. जड पातं खाली येतं. ते जरासं कानसायचं. पुन्हा ठेवायचं. कुठल्याही स्थितीत तो स्थिर राहिला की काम झालं. आमच्या पंख्याला हे करायला दोन संध्याकाळी लागल्या.

चौथा भाग सुकाणू, ज्याच्यामुळे सगळं सुरू झालं. पत्रा मधल्या दांड्याला जोडताना एक पंचमांश भाग दांड्याच्या पुढे ठेवला आहे. त्यामुळे पाणी पुढच्या भागालाही ढकलतं आणि सर्व्होवर ताण कमी येतो. आणि वरची ती पट्टी आता दोन मिलिमीटर जाड पितळेची आहे. दांड्यावर सपाटी, पट्टीला दोन स्क्रू. एक ढिला झाला तरी दुसरा आहे. सगळे स्क्रू स्टेनलेसचे. साधा लोखंडी स्क्रू पितळेशेजारी पाण्यात ठेवला तर लोखंड लवकर गंजून जातं.

पाचवा भाग मात्र कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळणार नाही. पुढच्या डेकवर हा दोन शिंगांचा खुंट दिसतो ना? हा शोभेचा नाही. बोट मध्येच बंद पडली आणि वारा नसला, तर समोरासमोरच्या बांधांवर दोन मोठी माणसं उभी राहतात. दोघांमध्ये नायलॉनची दोरी ताणलेली. दोरी बोटीवरून खुंटाच्या मागे उतरवायची, शिंगांखाली अडकते, आणि दोघे बांधाच्या माथ्यावरून चालत बोट काठाला आणतात. उताराच्या आत कुणीही पाय टाकत नाही. तळ्याची रुंदी तीस मीटर, म्हणून दोरी चाळीस मीटर घेतली.

हा खुंट जर उपटला तर सगळंच वाया. म्हणून तो नुसता चिकटवलेला नाही. खालून आटे, डेकच्या आतून पितळी पट्टी, वर नट. बसवून झाल्यावर बोट स्टँडवर पक्की बांधली आणि खुंटाला दहा लिटर पाण्याची भरलेली बादली रात्रभर टांगली. बोटीच्या वजनाच्या अडीचपट. सकाळी सरळकोन लावून बघितलं, खुंट जागचा हलला नव्हता. मग आम्ही त्याला पास केलं. कारखान्यात आम्ही जो भाग बनवायचो, तो कुठल्या यंत्रात जाणार हे बऱ्याचदा माहीतही नसायचं. इथे खुंटावर काय अवलंबून आहे हे सातवीतल्या मुलालाही माहीत होतं. त्याने स्वतः कानशीने त्याच्या कडा मारल्या. एकही ओरखडा ठेवला नाही.

बाकी कठडा, नांगर, दिव्याची डोलकाठी, हे शोभेचं काम. कठड्याला चोवीस खांब आहेत, दीड मिलिमीटर तारेचे. चोवीस खांब एका उंचीचे कसे करणार? एका जुन्या लोखंडी पट्टीत हव्या त्या खोलीचं भोक पाडलं, तार त्यात उभी करायची आणि वर आलेली कानसून टाकायची. हे काम पाचवीतल्या दोघी मुलींनी केलं. हे खांब साध्या डाकाने जोडले, जो एकशेनव्वद अंशांच्या आसपास वितळतो. जास्त उष्णतेचं काम आधी, कमी उष्णतेचं नंतर. उलट केलं तर आधीचा सांधा सुटतो. इथल्या आज्यांना हे सांगायला नको. अंगणात कल्हईवाला यायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा आणि कथलाचा बोळा फिरवला की भांडं चांदीसारखं चमकायचं. आपला सोल्डर त्याच घराण्यातला आहे. पितळ स्वच्छ नसेल तर डाक धरत नाही, आणि डाक झाल्यावर रसायन धुतलं नाही तर ते पितळ खातं. आम्ही सोड्याच्या कोमट पाण्याने धुतलं आणि शेवटी चिंचेने घासलं. ते काम एका आजीने केलं, आणि सगळ्यात छान केलं.

थोडं काळजीचंही सांगतो. लेथला मुलांनी हात लावला नाही, ती फक्त बघत होती. लेथजवळ सैल बाह्या, ओढणी, हातमोजे चालत नाहीत. ड्रिल करताना चष्मा. कानशीला मूठ हवीच. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? लेकरांना दहावी आहे, नीट आहे, जेईई आहे. बरोबर आहे. मी अभ्यासाच्या विरोधात नाही. पण इंजिनिअर व्हायला निघालेल्या किती मुलांनी कानस हातात धरली आहे? मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातले अर्देसर खरसेटजी होते. तरुणपणी त्यांनी स्वतःच्या हाताने छोटं वाफेचं इंजिन तयार केलं. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. हाताने काम केलं म्हणून त्यांची बुद्धी कमी झाली नाही. आणि ज्यांना नौदलाची आवड आहे त्यांना सांगतो, एनसीसीच्या नौदल विभागात जहाजाच्या प्रतिकृती बनवायला शिकवतात. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धा असते. तेव्हा हा खेळ पोरखेळ नाही.

आता माझी मागणी. खरं तर दोन मागण्या आहेत.

पहिली. मीटर-रूमच्या शेजारी एक खोली आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचे उरलेले पाइप आणि तुटक्या खुर्च्या तिथे आहेत. ती खोली सर्वसाधारण सभेने मुलांच्या कामासाठी द्यावी. मला लेथ नको. एक मजबूत टेबल, एक व्हाइस, चार कानशी, हॅक्सॉ, हातड्रिल, तीन आणि चार मिलिमीटरचे टॅप-डाय आणि एक व्हर्निअर. माझी स्वतःची जुनी हत्यारं मी देतो, ती घरात गंजत पडण्यापेक्षा बरी. रविवारी सकाळी दोन तास मी तिथे बसेन. मोठं कुणीतरी हजर असल्याशिवाय खोली उघडायची नाही, हा नियम ठरावातच लिहा. आणि फक्त बोटच करायला पाहिजे असं नाही. कुणाच्या कुकरची मूठ, कुणाच्या फाटकाची कडी, तीही करू.

दुसरी मागणी त्याहून महत्त्वाची. आपल्या सोसायटीत ज्यांची शेती आहे, ज्यांच्या घरच्यांची शेततळी आहेत, त्यांनी हात वर करा बघू. बघा, अर्धं सभागृह झालं. प्रत्येक तळ्याला कुंपण हवं. आणि काठावर दोन जागी खुंट्याला बांधलेली, पाण्यापर्यंत लोंबणारी, गाठी मारलेली जाड दोरी, शेजारी हवा भरलेली टायरची ट्यूब. खर्च फार नाही. कुणी पडलं तर आपण आत उडी मारायची नाही, दोरी आणि ट्यूब टाकायची. कुंपणाचं फाटक आणि दोरीचे खुंटे आम्ही मुलांना घेऊन बसवून देऊ. पहिलं तळं कुठलं घ्यायचं ते कार्यक्रम संपल्यावर ठरवू, माझ्याकडे वही आहे, नावं लिहून घेतो.

बोट इथे टेबलावर आहे. मुलांनो, एकेक जण या, हात लावून बघा. पंखा फिरवा, सुकाणू हलवा, खुंट जोर लावून ओढा. तो उपटणार नाही.